आत्याबाईंचा तिसरा मृत्यू

मंगळवार, ६ फेब्रुवारी

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या मृतदेहाला, मला न विचारता, जिवंत करण्यात आलं.

वेळ अंदाजे लिहिलेली नाही. फाइलमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद राहते, तिथूनच उतरवून घेतली आहे. शेजारी गुन्हेगाराचं नावही आहे: 'खालचा मजला'.

मृतदेह आत्याबाईंचा. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी मी त्यांना जिन्याखाली मारलं होतं, डोक्यात पितळी फुलदाणी घालून. स्वच्छ, नेटका खून. महिनाभर त्या वाक्यांवर मेहनत घेतली होती. आज उघडून बघते तर बाई शेवटच्या ओळीत डोळे उघडून म्हणतात, "ती फुलदाणी आधी पुसून ठेवा."

वाक्य वाईट नाही. म्हणून तर अंगाचा तिळपापड झाला.

ही रहस्यकथा माझी आणि पेन्सिलची आहे. पेन्सिल म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. तेव्हाही काटकुळी होती, आताही आहे, आणि सरळ रेघ मारावी तर तिनेच. पुढे जन्मभर नकाशे काढायची नोकरी केली. कॉन्व्हेंटात आम्ही एका बाकावर बसायचो आणि गणिताच्या वहीच्या मागच्या बाजूने गोष्टी लिहायचो. एक पान तिचं, एक पान माझं. नियम एकच होता: दुसरीच्या पानाला हात लावायचा नाही. सिस्टरांनी वही पकडली तेव्हा छड्यासुद्धा आम्ही आपापल्या पानांपुरत्याच खाल्ल्या.

मी कोर्टात लघुलेखक होते. खुन्यांची, खोटारड्यांची, वकिलांची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घेतली, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला नाही. आणि निवृत्तीनंतर माझ्याच वाक्यात कुणीतरी बोट घालतं!

हे बोट दातांच्या डॉक्टरीणबाईंचं आहे. त्या पेन्सिलच्या खालच्या मजल्यावर राहतात. चार महिन्यांपूर्वी पेन्सिल फोनवर म्हणाली, "डॉक्टरीणबाईही असतील गं आपल्यात. मदत होईल मला." कसली मदत, ते मी विचारलं नाही. आपल्याला मान असेल तर लोक आपणहून सांगतात.

मी आत्याबाईंना पुन्हा मारलं आहे. दुपारी.

बुधवार, ७ फेब्रुवारी

जिवंत आहेत.

शनिवार, १० फेब्रुवारी

आत्याबाईंना तिसऱ्यांदा मारायला फाइल उघडली. सून मागे उभी राहून बघत होती. ही फाइल गेल्या वर्षी तिनेच सगळ्यांना उघडता येईल अशी करून दिली, तेव्हा तिला वाटतं तिला मत देण्याचा अधिकार आहे.

"अहो आई, असं खोडाखोडी करत बसलात तर गोष्ट संपायची कधी? बाजूला कमेंट टाका. काय पटलं नाही ते लिहा. त्या उत्तर देतील."

"मी का लिहू? चूक त्यांची."

"मग चूक काय ते तरी कळू दे त्यांना."

"दातांच्या डॉक्टर आहेत. सांगितल्याशिवाय कळत नाही म्हणून तर लोकांना आ करायला लावतात."

सून हसत स्वयंपाकघरात गेली. पण कमेंट कशी टाकायची ते दाखवून गेली. वर ज्याचं नाव घालू त्याला ती पोचते. हे बरं आहे. पाकिटावर नाव घातलं की पाकीट त्याचं.

तेव्हा मी पेन्सिलच्या नावाने लिहिलं: "तुझ्या दातवालीला सांग की मेलेल्या माणसाची दाढ काढता येते, पण मेलेलं माणूस परत बसवता येत नाही. आणि मुळात ही बाई आपल्यात आली कशाला? तिला स्वतःची मैत्रीण नाही का?"

दातवाली. नाव चपखल बसलं.

सोमवार, १२ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते लिहायलासुद्धा लाज वाटते. माझी नव्हे, तिची.

औषधांच्या दुकानातून बाहेर पडले तर समोरून पेन्सिल आणि दातवाली. हातात हात घालून! सत्तरीच्या दोन बाया, शाळेतल्या पोरींसारख्या. पेन्सिलने जन्मात कधी माझ्या हातात हात घातला नाही, म्हणायची, "मदर, तू घोड्यासारखी चालतेस." (मी उपदेश करते म्हणून ती मला शाळेपासून मदर म्हणते.) मी हात वर केला. पेन्सिल सरळ माझ्याकडे बघत होती. सरळ, तोंडावर. आणि निघून गेली. ओळख ना पाळख.

दातवालीने मात्र मला पाहिलं. मान लववली. पेन्सिलला हळूच काहीतरी म्हणाली, तोवर मी रस्ता ओलांडला होता. बस चुकली तरी चालेल, पण मानभावीपणा माझ्याच्याने बघवत नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

दातवालीने कमेंटला उत्तर दिलं आहे. पाकीट पेन्सिलच्या नावाचं होतं, पण हिने बिनदिक्कत उघडलं.

"नमस्कार. खुनाचा प्रसंग फार सुंदर आहे, तो पुसायचा हेतू नव्हता. तुमचा मूळ मजकूर मी जपून ठेवला आहे. आत्याबाई जगल्या तर त्या खुन्याचं नाव सांगतील, ही अडचण मान्य आहे. मात्र त्या मेल्याच पाहिजेत, हे आम्हाला अजून पटलेलं नाही. भेटून बोलायचं का?"

आम्हाला! या एका शब्दाने दुपारची झोप उडाली. चार महिन्यांत 'आम्ही' झाल्या. मला त्या बाकावर पाच वर्षं लागली होती.

आणि गोडवा बघा. शिवी दिली असती तर समजू शकले असते. हिने मधाचं बोट लावलं.

शनिवार, १७ फेब्रुवारी

भेटलो, कॉफीच्या दुकानात. दातवाली बरोबर होतीच. दारात तिने पेन्सिलला 'पायरी' असं हळूच सांगितलं, जसं काही पेन्सिल पाहुणी आहे आणि दुकान हिच्या बापाचं.

पेन्सिलने काय मागवायचं ते बघितलंसुद्धा नाही. "तूच सांग गं काहीतरी," म्हणाली. पूर्वी ही बाई यादी वाचून मालकाच्या शुद्धलेखनाच्या चुका काढायची. मी तिला फोनवर आमच्या गळक्या छताचा फोटो दाखवला, भिंतीवर ओलीचा हा एवढा नकाशा. तिने बघितला न बघितला आणि म्हणाली, "गोड आहे गं."

"छत आहे ते."

"हो, म्हणजे... गोड छत."

दातवाली खाली बघून कॉफी ढवळत राहिली. माझ्या छताशी, माझ्याशी पेन्सिलला काही देणंघेणं उरलेलं नाही हे स्पष्ट आहे. बोलतानाही माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या कानामागे कुणी उभं असल्यासारखी तिकडे बघत होती. मी दोनदा मागे वळून पाहिलं.

"तू कमेंट लिहितेस कशाला मदर? फोन कर ना. तुझा आवाज तरी ऐकू येईल."

"लेखी असलेलं बरं. उद्या कुणी नाकबूल व्हायला नको."

"मी कधी नाकबूल झाले?"

"झाली नव्हतीस."

मग मी आत्याबाईंचा विषय काढला. पेन्सिलचं एकच पालुपद: "नको गं मारूस तिला." कारण विचारलं तर सांगेना. दातवाली म्हणाली, "कारण सांगा ना त्यांना." पेन्सिल म्हणाली, "सांगेन मी, माझं मी."

म्हणजे कारणही दातवालीला माहीत आहे आणि मला नाही.

सून म्हणते आत्याबाई माझ्यासारख्या बोलतात. साफ चूक. आत्याबाई फटकळ आहेत.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

पेन्सिलचं सहावं प्रकरण आलं. रागानेच वाचायला बसले.

पूर्वी ती लिहायची तेव्हा डोळ्यांसमोर नकाशा उभा राहायचा: खिडकी किती रुंद, उजेड कुठून येतो, पडद्याचा रंग काय. या प्रकरणात रंग एकही नाही. सगळे आवाज. जिन्यावरचं पाऊल चढतंय की उतरतंय, किल्ली कुलपात किती वेळा अडखळली, खोलीत कुणी नाही म्हणताना कपाटाचं दार कसं श्वास घेतं. नोकराणी खोटं बोलते ते हवालदाराला तिच्या बांगड्या एकदम गप्प झाल्यावरून कळतं.

इतकं चांगलं तिने कधीच लिहिलं नव्हतं.

ही दातवालीची शिकवणूक. दुसरं काय? इतकी वर्षं मी बरोबर होते तेव्हा बांगड्या वाजत होत्या, पण गप्प कधी झाल्या नाहीत.

पेन्सिलच्या नावाने कमेंट टाकली: "प्रकरण चांगलं आहे. ज्याने कुणी लिहिलं त्याचं अभिनंदन." आणि खाली: "कवळी बसवणाऱ्यांना दुसऱ्याच्या तोंडून बोलायची सवयच असते."

कमेंट टाकून पाणी प्यायले. मग ते प्रकरण पुन्हा वाचायला बसले.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

पेन्सिलने पाच दिवसांत उत्तर दिलेलं नाही. मी तरी किती सोसायचं? सूनबाईला सांगितलं, माझी प्रकरणं या फाइलमधून काढून दे. पहिलं, तिसरं, पाचवं. माझं मला वेगळं करून दे.

"आणि त्यांची? दुसरं आणि चौथं? त्याला काय अर्थ राहणार आई? एकाआड एक दात पाडल्यासारखं होईल."

"दातांचं नाव काढू नकोस या घरात."

"पण एकदा जाऊन तर या. लिहून भांडण वाढतंय तुमचं. पन्नास-पंचावन्न वर्षांची मैत्रीण आहे ती."

"होती."

सून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "बरं, देते काढून. पण आधी त्यांना सांगून या. हे तरी समोरासमोर सांगा."

न्यायाला धरून आहे. निकाल आरोपीसमोर वाचतात. उद्या जाईन. काय बोलायचं ते कागदावर उतरवून ठेवलं आहे.

बुधवार, २८ फेब्रुवारी

नीट, क्रमाने लिहिते. मला दुसरं काही येत नाही.

सकाळी दहाच्या सुमारास गेले. पेन्सिलचं दार नुसतं लोटलेलं होतं. बेल वाजवणार, तोच आतून दातवालीचा आवाज आला. शांत, सावकाश, कोर्टात निवाडा वाचावा तसा.

"'तुझ्या दातवालीला सांग की मेलेल्या माणसाची दाढ काढता येते, पण मेलेलं माणूस परत बसवता येत नाही.'"

माझं वाक्य. शब्दाला शब्द.

आणि पेन्सिल हसत होती. खो-खो. "परत वाच! काय बाई आहे! पुढचं?"

"पुढचं तेच हो, मैत्रीण नाही का ते. सात वेळा वाचून झालंय. नवीन वाचू? कवळीचं?"

"ते तर वाचच. गाळायचं नाही हं काही."

"अहो, मी कधी गाळलंय? 'कवळी बसवणाऱ्यांना दुसऱ्याच्या तोंडून बोलायची सवयच असते.'" मग जरा थांबून, "यात तथ्य आहे तसं."

मी दार ढकललं. पेन्सिल खिडकीपाशी बसली होती. टेबलावर टॅबलेट, त्यावर अक्षरं एवढाली की एका वेळी तीनच शब्द मावत होते. ती माझ्याकडे वळली, पण नजर माझ्या कानाशी जाऊन थांबली.

"मदर? तूच ना? घोड्याच्या टापा ओळखल्या मी."

हातातला कागद पर्समध्ये परत गेला.

"नजरेचं मधलं गेलं गं," ती म्हणाली, जशी काही बटण तुटल्याची गोष्ट. "कडेकडेचं दिसतं. तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानाकडे बघावं लागतं. आणि वाचायचं म्हणशील तर खलास. डॉक्टरीणबाई वाचतात, मी सांगते, त्या लिहितात."

"कधीपासून?"

"पावसाळ्यात सुरू झालं."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? माझी प्रकरणं तूच लिहून काढली असतीस. माझ्या वाक्यांना छान म्हणाली असतीस. सगळे छान म्हणतात आता. भाऊ म्हणतो, वहिनी म्हणते, डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो. माझ्याशी भांडणारी तू एकच राहिलीस. तेवढी तरी ठेवावी म्हटलं."

दातवाली उठून चहा टाकायला गेली. जायला हवं होतं तेव्हाच गेली, हे मान्य करावं लागेल.

"आणि आत्याबाई?" मी विचारलं.

"त्या वेळी मीच सांगितलं त्यांना बदलायला. त्या म्हणत होत्या, आधी विचारू या. मी ऐकलं नाही. नियम मी मोडला मदर, त्यांनी नाही." ती टेबलावर बोटाने रेघ ओढत होती, सरळ. "अगं, आत्याबाई बोलायला लागल्या की मला तू ऐकू येतेस. सबंध प्रकरणभर. तू पाचव्या प्रकरणात तिला मारून टाकलंस. मग मी दुपारी ऐकायचं कुणाला?"

मी म्हटलं, "ती जगली तर खुन्याचं नाव सांगेल. गोष्ट तिथेच संपेल. हे तुला कळत कसं नाही?"

"मग तिला बोलू नको देऊस. पडून राहू दे. लोकांना वाटेल बेशुद्ध आहे. तिच्या खाटेशी बसून सगळे बोलतील आणि तिला सगळं ऐकू येत असेल. खुनीही बोलेल."

मी विचार केला. मुद्दा चांगला होता. खून राहतो, तपास राहतो, बाई राहते.

"तीन प्रकरणं पडून राहील?"

"तीन. पण तुला जमेल का?"

"काय?"

"आत्याबाईंना गप्प ठेवायला."

आतून कपबशी वाजली. दातवाली हसत होती. चहा तिने बरा केला होता, पण साखर कमी.

शुक्रवार, १ मार्च

दोन दिवस झोप नाही.

पावसाळ्यापासून! पावसाळ्यापासून त्या बाईला माहीत होतं. जिना उतरताना, औषध घालताना, सहावं प्रकरण ऐकताना. बांगड्या गप्प झाल्या तेव्हा त्या खोलीत पहिल्यांदा कोण होतं? ती. मी नव्हते. मी इथे बसून कवळीचे विनोद करत होते आणि तिथे ती ते मोठ्याने वाचून दाखवत होती, स्वतःबद्दलचे, एक अक्षर न गाळता.

माझ्या एवढ्या नोकरीत इतकं प्रामाणिक वाचन मी कुणाचं ऐकलेलं नाही. याचाही मला राग आहे.

सून म्हणाली, "आई, प्रकरणं काढून द्यायची होती ना?"

"कुठली प्रकरणं? तुला काही कामधंदे नाहीत का?"

शनिवार, २ मार्च

खालील पत्र आज हाताने देऊन आले. प्रत इथे ठेवते.

"प्रति,
खालचा मजला.

दिनांक ६ फेब्रुवारीच्या प्रकाराबद्दल माझी तक्रार मी मागे घेते, कारण खरा आरोपी वरच्या मजल्यावर राहतो असं निष्पन्न झालं आहे. तिला वेगळी शिक्षा आहे: मी रोज फोन करणार आहे.

कमेंटमध्ये मी जे जे लिहिलं ते तुम्ही जसंच्या तसं वाचलंत. इतरांनी गाळलं असतं. यापेक्षा जास्त मी लिहू शकत नाही, आणि 'दातवाली' हे नाव परत घेत नाही, कारण ते चपखल आहे असं आपल्या मैत्रिणीचंही मत पडलं. 'आपल्या' हा शब्द मी विचार करून वापरला आहे.

आता मुद्द्याचं. आठवड्यातले सगळे दिवस वाचन तुमच्याकडे असणं मला मान्य नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार माझे. नवीन प्रकरण आलं की त्याचं पहिलं वाचन एकदा तुमचं, एकदा माझं. सातव्याची पाळी माझी आहे. तुम्ही लिहून घेताना मी कडेला बसेन आणि बोलणार नाही. (लघुलेखन मलाही येतं, तुमच्यापेक्षा जलद, हे फक्त नोंदीसाठी.) दुसरीच्या पानाला हात लावायचा नाही हा जुना नियम बदलून, आधी विचारायचं आणि मग हात लावायचा, असा करावा. बाहेर चालताना डावा हात तुमचा, उजवा माझा. मी हळू चालायचा सराव सुरू केला आहे.

यातलं जे पटणार नाही त्यावर भांडावं. गोड बोलू नये. तिला भांडण ऐकायला आवडतं.

उत्तर लेखी हवं. ते तिने सांगावं आणि तुम्ही उतरवून घ्यावं, एकही शब्द न गाळता, तिने मला घोडा म्हटलं तरी. ते सोमवार, ४ मार्च, संध्याकाळी सहाच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. तोंडी उत्तर स्वीकारलं जाणार नाही. सहापर्यंत आलं नाही तर आत्याबाई तिसऱ्यांदा मेल्या त्या मेल्याच, असं समजावं."